निराश्रितांचा थारा : केडगांवचें मुक्तिसदन



राहण्याच्या जागेला आपल्या भाषेंत अनेक शब्द आहेत. घर, बिऱ्हाड, निवारा, आसरा, थारा. हे शब्द वरवर सारखे दिसले तरी त्यांचे अर्थ एक नाहींत. ऊन, वारा आणि पाऊस यांपासून बचाव करितो तो निवारा. संकटांत ज्याच्याकडे धांव घ्यावी तो आसरा. आणि जेथें मनुष्याचें चित्त स्थिर होतें, जेथें त्याला 'तूं आमच्यांतला आहेस' असें कोणी म्हणतें, तो थारा. ज्याचें घर गेलें त्याला निवारा देणें फारसें अवघड नाहीं, कारण चार भिंती आणि एक छप्पर असलें कीं निवारा होतो. थारा देणें मात्र कठीण. ज्याला थारा मिळाला त्याचें आयुष्य पुन्हां उभें राहतें. ज्याला केवळ निवारा मिळाला तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां रस्त्यावरच असतो. हा भेद ज्या एका संस्थेच्या इतिहासांत मला स्पष्ट दिसला, तिच्याविषयीं आज दोन शब्द सांगण्याचा विचार आहे. ती संस्था म्हणजे पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाई यांनीं उभारलेलें मुक्तिसदन.

प्रथम, घर जातें म्हणजे नेमकें काय जातें, हें पाहूं. छप्पर जातें हें तर उघडच आहे. पण त्याबरोबर पत्ता जातो. पत्ता गेला कीं पत्र येत नाहीं, वाणी उधार देत नाहीं, काम देणारा विश्वास ठेवीत नाहीं. शाळेंत मुलाचें नांव घालतांना 'राहण्याचें ठिकाण' या रकान्यापाशीं बाप थबकतो. शिक्षकाच्या नोकरींत असे थबकलेले बाप मीं पाहिले आहेत. त्यांच्या तोंडून उत्तर येत नसे, आणि मुलगा मात्र खालीं मान घालून सारें समजून घेत असे. पत्त्यामागून नांव जातें. रस्त्यावर झोपणाऱ्याला लोक 'ए', 'अरे', 'ऊठ' अशा शब्दांनीं हांक मारतात. शेवटीं जाते ती स्वतःविषयींची भावना. आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोंत, ही जाणीव एकदां मावळली म्हणजे ताटांत पडलेलें अन्नहि माणसाला सावरूं शकत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत बेघर म्हणून नोंदलेल्यांची संख्या सुमारें १७ लाख ७३ हजार होती. ही संख्या डोळ्यांपुढें ठेवून पुढील हकीकत ऐकावी, अशी माझी विनंति आहे.

रमाबाईंनीं निराश्रितांना जवळ केलें याचें मूळ त्यांच्या स्वतःच्या पूर्वायुष्यांत आहे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळच्या अरण्यांतील एका आश्रमांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान् ब्राह्मण होते. आपल्या पत्नीस त्यांनीं संस्कृत शिकविलें होतें आणि त्याबद्दल स्वजनांचा रोष पत्करला होता. पुढें आश्रमाचा खर्च झेपेनासा झाला आणि तें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. देवळांत आणि नदीच्या घांटांवर पुराण सांगावें, श्रोत्यांनीं पुढें ठेवलेल्या दक्षिणेवर निर्वाह करावा, आणि पुढचें तीर्थ गांठावें, हा त्यांचा क्रम होता. १८७४ च्या सुमारास दुष्काळानें त्यांना गांठलें. भीक मागणें त्यांना माहीत नव्हतें आणि मजुरीची संवय नव्हती. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणहि गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हीं दोघेंच मागें राहिलीं.

त्यानंतर कित्येक वर्षें हीं भावंडें पायीं फिरत होतीं. दक्षिणेकडून थेट पंजाबापर्यंत तीं गेलीं. पायांत वहाणा नाहींत, अंगावर पुरेसें पांघरूण नाहीं, आणि रात्रीं झाडाखालीं किंवा पुलाच्या आडोशाला झोंपावयाचें. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडी असह्य झाली तेव्हां वाळूंत खड्डे खणून, डोकें तेवढें वर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. १८७८ मध्यें तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची विद्वत्ता पारखून त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. परंतु ज्या देहानें वाळूचें पांघरूण घेतलें होतें, त्याला ती थंडी विसरतां आली नाहीं. केडगांवच्या संस्थेची पहिली वीट झेलमच्या त्या वाळवंटांतच ठेविली गेली, असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं.

१८८० मध्यें भाऊ निवर्तला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं त्यांचा विवाह झाला. १८८२ मध्यें पटकीच्या आजारानें तेहि गेले. तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज या गांवीं ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्यांचा मुक्काम होता. या भगिनींचें एक काम लंडनच्या फुलम भागांत चालत असे. समाजानें टाकलेल्या, वाईट मार्गास लागलेल्या स्त्रियांना त्या तेथें ठेवून घेत. रमाबाईंना तें घर दाखविण्यांत आलें. तेथें त्यांनीं जें पाहिलें त्यानें त्या चकित झाल्या. त्या घरांत एके काळीं आश्रयास आलेल्या कित्येक स्त्रिया आतां पार पालटून गेल्या होत्या, इतकेंच नव्हे तर आजारी व अपंग माणसांची सेवा करण्यांत आपलें आयुष्य वेंचीत होत्या. पतित स्त्रियांना जवळ करण्याची बुद्धि या लोकांना कोठून होते, असें रमाबाईंनीं विचारलें. तेव्हां त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यांत आली. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या, लोकांनीं नांवें ठेविलेल्या एका स्त्रीशीं ख्रिस्त आदरानें बोलतो, आणि तिच्याच हातचें पाणी मागतो, अशी ती कथा आहे. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत रमाबाईंनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला.

त्या कथेंतील पाणी मागण्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला कोणी कांहीं मागत नाहीं, तो मनुष्य समाजांतून पुरता बाहेर पडलेला असतो. त्याला दान देणारे शंभर भेटतील. परंतु 'तुझ्याजवळ आहे तें मला दे' असें म्हणणारा भेटला म्हणजेच त्याची किंमत त्याला कळते. फुलमच्या घरांतील स्त्रिया सेवेला लागल्या होत्या याचें रहस्य हेंच असावें.

त्याच लंडन शहरांत त्याच सुमारास दुसरा एक प्रयोग चालू होता. विल्यम बूथ या धर्मोपदेशकानें स्थापन केलेली मुक्तिफौज ही संस्था १८८२ मध्यें मुंबईसहि आली. १८८८ मध्यें बूथच्या माणसांनीं लंडनच्या गोदीनजीकच्या लाइमहाउस वस्तींत बेघरांसाठीं स्वस्त जेवण आणि रात्रीची निजण्याची सोय सुरू केली. १८९० मध्यें बूथनें इंग्लंडांतील दारिद्र्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्याचा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. लंडनच्या रस्त्यावर भाड्याच्या गाडीचा घोडा घसरून पडला तर तो कसा पडला याची चौकशी कोणी करीत बसत नाहीं. आधीं त्याला उभा करितात. आणि तो जिवंत आहे तोंपर्यंत त्याला चारा, तबेला आणि काम हीं तीन मिळतात. घोड्याला जें मिळतें तें माणसाला कां मिळूं नये, असा त्याचा सवाल होता. १८९१ मध्यें त्यानें आगकाड्यांचा कारखानाहि काढला. ज्या विषारी फॉस्फरसामुळें त्या धंद्यांतील बायकांचे जबडे सडत असत तो तेथें वापरीत नसत. बूथचा हा न्याय बिनतोड आहे यांत शंका नाहीं. तथापि घोड्याच्या न्यायांत एक उणीव राहते. घोडा दुसऱ्या पडलेल्या घोड्याला उठवीत नाहीं. मनुष्य उठवूं शकतो. केडगांवांत हें घडलें, म्हणून आतां तिकडे वळूं.

इंग्लंडाहून रमाबाई १८८६ मध्यें अमेरिकेस गेल्या. तेथील मित्रांच्या साहाय्यानें ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आणलें. उच्च वर्णांतील विधवांना तेथें राहण्याची व शिकण्याची सोय होती. विधवेला सासरीं राहतां येई, माहेरींहि राहतां येई. परंतु दोहोंकडे ती परक्या घरची असे. डोक्यावर छप्पर असूनहि तिला थारा नव्हता. शारदासदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई या नांवाची एक बालविधवा होती. तिचें नांव पुन्हां येणार आहे, तें श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें.

१८९६ मध्यें मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. बातम्या कानांवर येतांच रमाबाईंना स्वतःचे आईबाप आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सरकारी अनाथगृहें व रस्त्यांच्या कडेला पडलेलीं माणसें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं. तेथें तरुण मुलींवर कोण डोळा ठेवून आहे, हेंहि त्यांच्या ध्यानांत आलें. भूक आणि अब्रू यांपैकीं एकच राखतां येईल, अशा पेंचांत त्या मुली सांपडल्या होत्या. रमाबाईंजवळ त्या वेळीं पैसा थोडा होता, तरी त्यांनीं शेंकडों मुली आणि बायका आपल्याबरोबर आणल्या. १८९७ मध्यें पुण्यांत प्लेग आला. शहरांत एवढ्या माणसांना एकत्र ठेवण्यास सरकारची मनाई झाली. मग त्यांना कोठें न्यावयाचें?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव येथें रमाबाईंनीं पूर्वींच सुमारें शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. संस्थेला उत्पन्न व्हावें म्हणून तेथें फळबाग करण्याचा बेत होता. त्या माळावर आतां माणसें येऊन पडलीं. प्रथम राहुट्या आणि गवती छपरें उभारलीं, विहिरी खणल्या, आणि मग पक्क्या इमारती उठल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजीं मुक्तिसदनाची स्थापना झाली. १९०० मध्यें गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां आणखी शेंकडों मुली आल्या, आणि माळावरची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. आणलेल्यांपैकीं सगळ्या जगल्या नाहींत. पुष्कळजणी इतक्या खंगल्या होत्या कीं अन्न मिळूनहि त्यांचा देह सांवरला नाहीं. ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. उशीरा पोंचलेल्या मदतीचा तो नेहमींचाच हिशेब आहे.

ज्या जगल्या त्यांचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. दोन हजार माणसांना दोन वेळ जेवूं घालणें हें काम जेवणाऱ्यांच्याच हातांवर सोंपविल्याखेरीज पार पडणारें नव्हतें. दळणें, सैंपाक, शेतीभाती, दुधदुभतें, धुणें, शिवण, टोपल्या विणणें, हातमागावर कापड काढणें, घाण्यावर तेल गाळणें, हीं सारीं कामें त्या मुली शिकल्या व करूं लागल्या. सकाळीं शाळा आणि मग काम, किंवा आधीं काम आणि मग शाळा, असा क्रम ठेवून त्यांना वाचतां लिहितां येईल अशी तजवीज केली होती. मोठ्या मुलींकडे लहान मुलींचे गट सोंपविलेले असत. काल जिला कोणी उचलून आणली, तिच्याच हातांत आज एखाद्या धाकटीचा हात दिलेला असे. छापखाना निघाला तेव्हां खिळे जुळविणें, छापणें आणि पुस्तकें बांधणें हीं कामेंहि स्त्रियांनींच हातीं घेतलीं. रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या खेडवळ स्त्रीसहि समजेल अशा मराठींत बायबलाचें भाषांतर केलें. तें अवजड काम ज्या हातांनीं छापलें, त्यांतले कित्येक हात एके काळीं दुष्काळांत मुठभर दाण्यांसाठीं पसरलेले होते.

आंधळ्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. आंधळी मुलगी म्हणजे जन्माची भिकारीण, असाच त्या काळचा समज होता. रमाबाईंची कन्या मनोरमा अमेरिकेंत शिकत असतांना ब्रेल लिपि शिकून आली आणि तिनें केडगांवांत आंधळ्यांना वाचावयास शिकविलें. बोटांनीं उंचवटे चांचपून त्या वाचूं लागल्या, विणूं लागल्या, आणि त्यांतल्या कांहीं दुसऱ्यांना शिकवूं लागल्या. ज्या स्त्रियांचें पाऊल वांकडें पडलें असें म्हणून लोकांनीं त्यांना घराबाहेर काढलें होतें, त्यांच्यासाठीं कृपासदन म्हणून वेगळा विभाग निघाला. फुलमच्या घरांत जें बीज रमाबाईंनीं पाहिलें तें येथें रुजलें. गुजराथच्या दुष्काळाच्या वेळीं मुली गोळा करून आणण्यास केडगांवच्या कार्यकर्त्या स्त्रियाच धाडल्या गेल्या. नव्या आयुष्याची याहून खरी खूण कोणती? स्वतःचें पोट भरलें, अंगावर धड वस्त्र आलें, अक्षरओळख झाली, हें सर्व खरेंच. पण दुसऱ्याला आणावयास जो निघाला, त्याचें बेघरपण त्या दिवशीं संपलें असें मी समजतों.

आतां एका नाजूक विषयाला हात घालणें भाग आहे. तो टाळला तर हें भाषण अर्धवट राहील. मुक्तिसदन ही उघड उघड ख्रिस्ती संस्था होती आणि आहे. तेथें आलेल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. त्याआधीं शारदासदनांतहि याच प्रश्नावर वादळ उठलें होतें. तेथें धर्माच्या बाबतींत तटस्थता राखली जाईल असें ठरलेलें होतें. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हां त्यांच्या खोलीचें दार उघडें असे आणि मुली तेथें येऊन बसत. त्या दार लावून घेण्यास तयार नव्हत्या. १८९३ मध्यें हें प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलें. न्यायमूर्ति रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि पुष्कळ पालकांनीं आपापल्या मुली काढून नेल्या.

मी स्वतः ख्रिस्ती नाहीं. उपाशी पोराला भाकर देणाऱ्याचा धर्म त्या पोराला गोड वाटणारच, आणि अशा वेळीं केलेली निवड कितपत मोकळी म्हणावी, ही शंका मला रास्त वाटते. जो आश्रय देतो त्याच्या हातीं मोठी सत्ता येते. तो ती किती जपून वापरतो यावर त्याचें मोठेपण ठरतें. ही कसोटी रमाबाईंना लावावी, आणि आजच्या प्रत्येक आश्रमालाहि लावावी, मग त्याच्या दारावर क्रूस असो, ॐ असो, कीं चंद्रकोर असो. परंतु ही कसोटी लावण्याचा अधिकार ज्याला हवा त्यानें दुसऱ्या एका प्रश्नाचेंहि उत्तर दिलें पाहिजे. १८९७ मध्यें मध्यप्रांतांतल्या रस्त्यावर ती मुलगी पडली होती तेव्हां तिच्यापाशीं आणखी कोण गेलें होतें? तिला किती दारें उघडीं होतीं? एकच दार उघडें असेल तर त्या दारावर कोणतें चिन्ह आहे याची तक्रार, दारें लावून बसलेल्यांनीं करावी हें शोभत नाहीं.

या वादाचें खरें उत्तर एका मनुष्यानें दिलें, आणि तें वर्तमानपत्रांत लेख लिहून नव्हे. शारदासदनांतील जी पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, तिच्याशीं १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांनीं पुनर्विवाह केला. त्यांच्या मुरूड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई कर्वे. १८९६ मध्यें कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली आणि १९०० मध्यें आश्रम पुण्याजवळ हिंगण्यास नेला. विधवांना हिंदु धर्मांत राहूनच शिक्षण व आश्रय मिळावा, ही त्यामागची दृष्टि होती. तेथूनच पुढें १९१६ मध्यें महिला विद्यापीठ जन्मास आलें. रमाबाईंचा मार्ग ज्यांना मान्य नव्हता त्यांच्यापुढें दोन वाटा होत्या. त्यांच्या संस्थेला नांवें ठेवीत बसणें ही एक, आणि दुसरी संस्था उभारणें ही दुसरी. कर्व्यांनीं दुसरी धरली आणि पुण्याच्या एका माळावर आणखी एक दार उघडलें. आश्रमाला उत्तर आश्रमानेंच द्यावयाचें असतें. असें उत्तर मिळालें म्हणजे निराश्रिताच्या पुढें दोन दारें होतात, आणि दोन दारें असलीं तरच त्याच्या निवडीला कांहीं अर्थ राहतो.

मनोरमाबाई १९२१ मध्यें निवर्तल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. संस्था मात्र त्यांच्याबरोबर संपली नाहीं. केडगांवांत आजहि निराधार स्त्रियांना व मुलांना आश्रय मिळतो. जिच्या मुळाशीं एकाच व्यक्तीचें पुण्य असतें ती संस्था त्या व्यक्तीमागून ढांसळते. जेथें आश्रयास आलेल्यांनाच आश्रय देणारे केलें जातें, तेथें मात्र मागें माणसें उरतात.

या हकीकतींतून आज आपण काय घ्यावें? आपल्या शहरांतून सरकारनें व नगरपालिकांनीं रात्रनिवारे काढले आहेत. २०१० मध्यें दिल्लीच्या थंडींत बेघरांचे मृत्यु झाले तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें या बाबतींत लक्ष घातलें, आणि मोठ्या शहरांतून लोकवस्तीच्या प्रमाणांत निवारे असावेत असा दंडक घातला गेला. हें योग्यच झालें. थंडींत मरणाऱ्याला प्रथम छप्परच पाहिजे. त्याला थारा आणि निवारा यांतला भेद समजावून सांगत बसणें हा क्रूरपणा होय. परंतु छप्पर दिल्यावर आपलें कर्तव्य संपलें अशी समजूत करून घेऊं नये. निवाऱ्यांत आलेल्या माणसाला त्याच्या नांवानें हांक मारणारा कोणी आहे काय? त्याला येणारें काम कोणतें, हें कोणी विचारलें आहे काय? गंवडी असेल, शिंपी असेल, उत्तम भाकऱ्या करणारी बाई असेल. आणि तो तेथून आपल्या पायांनीं बाहेर पडूं शकेल, अशी तयारी त्याच्याकडून कोणी करून घेत आहे काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी आलीं, तर त्या निवाऱ्याचा थारा झाला असें समजावें.

हें काम केवळ सरकारनें होणारें नाहीं, आणि त्याला पंडिता रमाबाईंएवढें असामान्य धैर्यच पाहिजे असेंहि नाहीं. आपल्या गांवांतील रात्रनिवारा, अनाथालय किंवा महिलाश्रम कोठें आहे, याची चौकशी करावी. तेथें जुने कपडे आणि उरलेली मिठाई पोंचविण्याची पद्धत आहे. ती असूं द्यावी. पण आठवड्यांतून एक तास तेथें जाऊन एखाद्याला अक्षरें शिकवावीं, एखाद्याचा अर्ज लिहून द्यावा. ज्याचें दुकान असेल त्यानें तेथल्या एखाद्या तरुणाला कामावर घ्यावें, आणि जामीन कोण म्हणून विचारणा झाली तर स्वतः पुढें व्हावें. माझ्यासारख्या सेवानिवृत्त माणसांपाशीं पैसा नसला तरी वेळ पुष्कळ असतो, आणि ज्याची विचारपूस कोणी करीत नाहीं त्याला दुसऱ्याच्या वेळाएवढें मोठें दान नाहीं. त्यांतहि एक पथ्य पाळावें. तेथल्या माणसाकडून कांहीं तरी घ्यावें. तो सुतार असेल तर मोडकी खुर्ची त्याच्याकडून दुरुस्त करून घेऊन रास्त मजुरी द्यावी. त्या बाईला लोणचें घालतां येत असेल तर तिच्याकडून शिकून घ्यावें. पडलेल्याला हात देणें हें पुण्य खरें, पण त्याचा हात आपल्यालाहि लागतो हें त्याला जाणवूं देणें अधिक उपकारक आहे.

केडगांवच्या माळावर दोन हजार अनाथांचा संसार ज्या बळावर चालला त्यांत परदेशांतून आलेली मदत होती, प्रार्थना होती, आणि एका बाईचा विलक्षण निर्धार होता. परंतु रोजचें दळण त्या मुलींनींच दळलें आणि रोजचें पाणी त्यांनींच ओढलें. आपल्याला कोणी तरी काम सांगत आहे, आपल्यावांचून कोणाचें तरी अडतें आहे, हें कळल्यामुळेंच त्या पुन्हां माणसांत आल्या. आपल्या शेजारीं जे उघड्यावर आहेत त्यांनाहि याचीच भूक आहे, एवढें आपण ध्यानांत ठेवावें, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.